सहा महिने वापरलेला ड्रमवाला व्हॅक्यूम क्लीनर: खडीची धूळ, चंद्राची धूळ आणि झाकणाचं रबर

दिवाळीच्या ऑफरमध्ये घेतला होता, आता मे चालू आहे, म्हणजे सहा महिने झाले, आता रिव्ह्यू टाकायला हरकत नाही. बॉक्स फोडायच्या आधीच पाच स्टार देणारे लोक असतात, मला ते जमत नाही. रिव्ह्यू मोठा आहे आणि मध्ये मध्ये चंद्र येणार आहे, त्याला कारण माझी पोरगी, ते पुढं सांगतो. ज्याला फक्त घेऊ का नको एवढंच पाहिजे त्यानं डायरेक्ट खाली जावं.

आधी जागा कशी आहे ते सांगतो, कारण धूळ कुठली ते सांगितल्याशिवाय व्हॅक्यूम क्लीनरच्या रिव्ह्यूला काही अर्थ नाही. सातारा, हायवेचा सर्व्हिस रोड, शेंद्रेच्या बाजूला. खाली माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, वर घर. सकाळी सहापासून समोरून खडीचे डंपर, ताडपत्री कुणाला असते कुणाला नसते, आणि रस्त्याचं काम तर पोरीच्या लग्नापर्यंत चालेल असं वाटतं. पावसाळ्यात चिखल, दिवाळीनंतर धूळ, आणि फेब्रुवारी लागला की दुपारी जे वारं सुटतं ते सगळी धूळ उचलून आमच्या काउंटरवर आणून ठेवतं. काळ्या मोबाईलची मागची काच पुसून ठेवा, चहा पिऊन या, त्याच्यावर बोटानं नाव लिहिता येतं.

आणि माझा धंदा असला की धुळीशी वैरच. टेम्पर्ड ग्लास बसवताना एक कण खाली राहिला की बुडबुडा, गिऱ्हाईक म्हणतं दुसरी लावा, ती कोण देणार. म्हणून व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचं ठरलं.

मशीन म्हणजे ते ड्रमवालं, २० लिटरचा स्टीलचा ड्रम, १४०० वॅट, ओलं सुकं दोन्ही ओढतं, मागं ब्लोअरचं भोक. ७,८०० ला पडलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, एक तर ह्या असल्या मशीन बघायला गेलं तर सगळ्या एकाच साच्यातनं काढल्यासारख्या असतात, वरचं स्टिकर बदलतं, आणि दुसरं म्हणजे मला कुणाशी भांडायचं नाही. गावातल्याच दुकानातनं घेतलं. दुकानदारानं डेमो असा दिला की गालिच्यावर मूठभर तांदूळ टाकले आणि गपकन ओढून दाखवले, आम्ही पण वा वा केलं. आता कळतं की तांदूळ ओढण्यात काय मोठेपणा, तांदूळ आमची म्हातारी केरसुणीनं पण एका झटक्यात गोळा करते. डेमो द्यायचाच तर गव्हाच्या पिठाचा द्यावा.

पहिला महिना एकदम खूश. ओढतो जबरदस्त. सोफ्याच्या फटीतनं दोन पेन, एक सिम ट्रे आणि कंदी पेढ्याचा खोका बांधायची सुतळी निघाली. सांगलीला मामांकडं लग्नाला गेलो तेव्हा गाडीत टाकून नेला होता, मामांचं मार्केट यार्डाजवळ हळदीचं काम आहे, त्यांच्या ऑफिसात हळदीचा पिवळा थर बसलेला असतो, तो पण ओढला, फक्त त्यानंतर पंधरा दिवस आमच्या मशीननं तोंड उघडलं की वरण-भाताचा वास.

मग जानेवारीत एक दिवस बायको म्हणाली, अहो, मशीनच्या मागची भिंत बघा की. बघतो तर पांढऱ्या भिंतीवर मोरपिसाऱ्यासारखा राखाडी पट्टा. रोज जिथं मशीन ठेवून चालू करायचो बरोबर तिथंच. म्हणजे पुढनं ओढलेली धूळ मागनं बारीक होऊन परत घरात. आम्ही दोन महिने झाडत नव्हतोच, नुसती धूळ चाळत होतो.

आता इथं पोरगी येते. आठवीत आहे, शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, तिनं विषय घेतला चंद्रावरची धूळ. सरांनी विचारलं हाच विषय का, तर म्हणाली आमच्या घरात रोज तेच चालतं. तिच्याबरोबर बसून मी पण सगळं वाचलं, व्हिडिओ बघितले, आणि खरं सांगतो, माझ्या मशीनचा प्रॉब्लेम मला सर्व्हिसवाल्यांनी नाही, अपोलोवाल्यांनी, म्हणजे नासाच्या चंद्रावर गेलेल्या माणसांनी, समजावून सांगितला.

तिचा प्रयोग असा होता. एका बाटलीत घर बांधताना उरलेली कृष्णेची जुनी वाळू, दुसऱ्या बाटलीत क्रशरची कच, म्हणजे दगड फोडताना निघणारा बारीक चुरा. दोन्ही चिमूटभर काढून माझ्या रिपेअरिंगच्या मायक्रोस्कोपखाली ठेवली, ज्याखाली मी मोबाईलच्या बोर्डवर आयसी, म्हणजे चिप, बसवतो ना तोच, समोर स्क्रीन आहे त्यामुळं सगळ्यांना दिसतं. नदीची वाळू म्हणजे भिजवलेल्या साबुदाण्यासारखी, कडा गोल, शांत. आणि कच म्हणजे बाटली फोडून टाकल्यासारखी, प्रत्येक कणाला धार. आमच्याकडं गवंडीकाम करणारे मामा शेजारी उभे होते, ते म्हणाले हे काय बघायचं, थापी मारताना हाताला कळतं, नदीची सुळकन सरकते, कच अडून बसते.

बरोबर हीच गोष्ट चंद्राची आहे. तिथं नदी नाही, वारा नाही, पाऊस नाही. कोट्यवधी वर्षं वरनं बारीक बारीक उल्का आदळतात, दगड फुटतो, आदळण्याच्या उष्णतेनं काही भाग वितळून काच होते, ती पण परत फुटते, आणि त्या कडा घासून गोल करायला कुणीच नाही. म्हणजे अख्खा चंद्र एक क्रशरच, फक्त त्याला सुट्टी नाही आणि पावसाळाही नाही. आणि मजा म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा फत्तर आणि चंद्रावर आपल्याला जे काळे डाग दिसतात ते, दोन्ही बेसाल्टच जातीचे. डंपरमधनं जे उडतं ते चंद्राच्या धुळीचं अगदी लांबचं चुलत भावंड म्हणायला हरकत नाही. इस्रोनं चांद्रयान २ च्या चाचण्यांसाठी खोटी माती बनवली ती तमिळनाडूत नामक्कलजवळच्या दगडापासून, कारण त्यांना चंद्राच्या पांढुरक्या डोंगराळ भागासारखी पाहिजे होती, तो दगड वेगळा, अ‍ॅनॉर्थोसाइट. काळ्या डागांसारखी पाहिजे असती तर आमच्याकडं या म्हणालो असतो, दारातनं रोज फुकट जाते.

तर ही धारदार धूळ काय करते ते अपोलोच्या लोकांनी भोगलं. माझ्यासारख्या मोबाईलवाल्याला सगळ्यात पटलेला किस्सा अपोलो १७ चा, डिसेंबर १९७२. जीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट, गाडी घेऊन गेले होते चंद्रावर, सर्ननच्या हातोड्याचा धक्का लागून गाडीचं मागचं मडगार्ड तुटलं. मडगार्ड नसल्यावर आपल्याकडं पावसात पाठीवर चिखलाची जी नक्षी येते तसं तिथं धुळीचं कारंजं, सगळं अंगावर. त्यानं डक्ट टेप लावला, टेप चिकटेना, कारण सगळीकडं धूळ! हे वाचलं आणि मला त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली. टेम्पर्ड बसवताना माझं रोज हेच. कसाबसा लावलेला टेप पण निघाला, मग दुसऱ्या दिवशी चार नकाशे एकमेकांना चिकटवून, क्लॅम्पनं लावून त्यांनी नवीन मडगार्ड केलं आणि ते टिकलं. जगातला सगळ्यात महागडा जुगाड असेल.

श्मिट तर स्वतः भूगर्भशास्त्रज्ञ, यानात परत येऊन हेल्मेट काढलं आणि नाक चोंदलं, शिंका, त्यालाच तो चांद्र हे-फीव्हर म्हणाला, म्हणजे आपल्याकडं गवताची अ‍ॅलर्जी असते तसलं. धुळीचा वास बंदुकीच्या दारूसारखा येतो असं बऱ्याच जणांनी सांगितलंय. पोरगी म्हणाली म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या रात्री गल्लीत येतो तसा का, मी म्हटलं तसाच असावा. हेल्मेटच्या काचेवरची धूळ पुसून पुसून श्मिटच्या काचेवर इतके चरे पडले की काही बाजूंना नीट दिसेना. अपोलो १६ मध्ये मीटरच्या काचा इतक्या घासल्या गेल्या की आकडे वाचता येईनात. म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, मोबाईलची काच शर्टाच्या टोकानं कोरडी पुसू नका, आधी फुंकर मारा. ऐकत कोण नाही ते सोडा.

आता माझ्या मशीनच्या झाकणाचं. चंद्रावरनं दगड-माती आणायला खास डबे केले होते, आत पोकळी टिकून राहावी म्हणून झाकणाला सील. पण सीलवर धूळ बसली आणि डबे नीट बंदच झाले नाहीत, हवा आत गेली. हे पोरगीनं वाचून दाखवलं आणि मी उठून सरळ मशीनचं झाकण उघडलं. मोटर ज्या झाकणात असते ते झाकण ड्रमवर बसतं, मध्ये काळ्या रबराची रिंग असते. त्या रिंगवर बोट फिरवलं तर खरखर. ड्रम रिकामा करताना कडेला सांडलेली कच रबरावर बसायची, त्याच्यावर मी क्लिपा लावायचो, आणि रबर दोन-चार कणांवर उचलल्यासारखं राहायचं. मोबाईलचा टॉर्च ड्रमच्या आत टाकून दिवा बंद केला तर एका ठिकाणी नखाएवढी फट उजेडानं दिसली. सहा महिन्यांत ह्या मशीनचं मला सापडलेलं सगळ्यात मोठं गुपित म्हणजे ही फट. ओल्या फडक्यानं रबर पुसलं, चालू केलं, फटीतनं आत घुसणारी हवा थांबली आणि ओढ वाढली.

भिंतीवरचा पट्टा मात्र फिल्टरमुळं. बरोबर जी कापडी पिशवी देतात ती भुसा, केस, पाला ह्याच्यासाठी ठीक आहे, कचेसाठी नाही. पहिल्या पाच मिनिटांत बारीक धूळ पिशवीतनं आरपार जाते, नंतर पिशवीचीच भोकं बुजतात आणि ओढच कमी होते, म्हणजे दोन्हीकडनं नुकसान. वेगळा हेपा फिल्टर घ्यावा लागतो, खरा हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणारा. बाजारात हेपा टाईप म्हणून जे मिळतं ते वेगळं, ते टाईपच असतं. माझ्या मशीनला बसणारा १,४०० ला मिळाला. बॉक्सवर मोठ्या अक्षरात फिल्टरेशन सिस्टीम लिहिलंय आणि आत पिशवी, ह्याचे स्टार कापले.

आणि आमचंच मशीन चोंदतं असं वाईट वाटून घेऊ नका. अपोलो १६ मध्ये यानात नेलेला व्हॅक्यूम क्लीनर धुळीनं चोंदून बंद पडला होता, आणि तिथं सर्व्हिस सेंटरला फोन पण लावता येत नाही. इथं लावता येतो, पण त्याचा फार काही उपयोग होतो असं नाही. तीनदा फोन केला, तिसऱ्यांदा एक जण आला, त्यानं पिशवी भिंतीवर आपटली, माझ्याच दुकानात धूळ केली, दादा फिल्टर वॉश करत जावा म्हणाला आणि ओटीपी घेऊन गेला.

पोरगीनं प्रदर्शनात एक प्रश्न लिहून ठेवला होता, चंद्रावर अंगणात व्हॅक्यूम क्लीनर चालेल का. बघायला आलेल्यांपैकी निम्मे मोठे लोक चालेल म्हणाले. अहो, मशीन धूळ ओढत नाही, हवा ओढते, हवेबरोबर धूळ येते. बाहेर हवाच नाही तर ओढणार काय. तिथं आधीच व्हॅक्यूम आहे. आत यानात हवा असते तिथंच फक्त चालणार, म्हणजे धूळ आत आली की मग. आणि आत आली की उशीर झालेला असतो, कारण यान चंद्रावरनं सुटलं की वजन गेलं, खाली बसलेली सगळी धूळ तरंगायला लागते, नाकातोंडात. अपोलो १२ ला कॉनराड आणि बीन परत आले तेव्हा ते इतके काळे झाले होते की मुख्य यानात थांबलेल्या गॉर्डननं त्यांना आधी सगळं अंगावरचं काढा, मगच माझ्या यानात या असं सांगितलं. हे आईला सांगितलं. आई म्हणाली, "मग काय चुकलं त्याचं? तू आत येतोस त्याच पायांनी." आणि परत गोणपाट ओलं करायला गेली.

आईच्या गोणपाटाचं मी आधी मनावर घेत नव्हतो. दारात ओलं गोणपाट, पाय त्याच्यावर घासून मगच आत, चपला बाहेर, पोरांचे युनिफॉर्म गॅलरीत झटकून. आता हे वाचल्यावर वाटतं की पुढं जे चंद्रावर घर करणार त्यांचा पण अर्धा जोर इथंच आहे. नासानं एक सूट-पोर्टची कल्पना काढली, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात गाडी करून चाचण्या पण केल्या. अंतराळवीराचा सूट बाहेरच गाडीच्या पाठीला चिकटलेला राहतो, माणूस गाडीच्या आतनं सूटच्या पाठीतल्या दारानं सूटमध्ये शिरतो आणि परत आल्यावर तसाच पाठीमागनं बाहेर निघून आत. धूळ लागलेला सूट घरात येतच नाही. म्हणजे चपला बाहेर काढायच्या, फक्त चपला आपल्याएवढ्या उंच.

दुसरी गोष्ट अंगणाची. गावाकडं अंगण सारवतात ते काय उगीच नाही, सारवलेल्या जमिनीतनं धूळ उठत नाही, पोरं नाचली तरी. चंद्रावर यान उतरताना खालच्या झोतानं जमीन उडते आणि हवा अडवायला नसल्यामुळं कण सरळ लांब जातात. अपोलो १२ जवळच आधी उतरलेलं सर्व्हेयर ३ नावाचं बिनमाणसाचं यान उभं होतं, दीडशे मीटरच्या आसपास लांब, तरी त्याच्यावर सँडब्लास्टिंग केल्यासारखं झालं. आपल्या चांद्रयान ३ च्या विक्रमनं २३ ऑगस्ट २०२३ ला उतरताना १०८.४ चौरस मीटरवरची मिळून सुमारे २.०६ टन माती उडवली, हे इस्रोच्याच लोकांनी आधीचे नंतरचे फोटो ताडून काढलंय. दोन टन म्हणजे अडीच-तीन छोटा हत्ती भरतील, आणि विक्रम काही फार मोठं यान नाही. शेजारी उद्या घरं, काचा, सोलर पॅनेल असतील तर काय होईल विचार करा. म्हणून युरोपातल्या लोकांनी खोट्या चांद्रमातीवर लेझर मारून, ती वितळवून फरशा करून बघितल्या, २०२३ मध्ये, एकमेकांत अडकतील अशा. उतरायची जागा आणि रस्ते असे करायचे. सारवणच आहे हो ते, शेणाऐवजी लेझर.

पाणी मारणं मात्र तिथं जमत नाही, आमच्या समोर टँकर येऊन मारतो तसं. पण पाण्याऐवजी द्रव नायट्रोजन मारून बघितलाय, वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत, आणि कुणावर, तर बार्बीच्या बाहुलीवर! बाहुलीला सूटच्या कापडाचे कपडे घातले, ज्वालामुखीची राख फासली आणि नायट्रोजन मारला, ९८ टक्क्यांच्या वर राख गेली. अतिथंड थेंब गरम कापडावर पडला की त्याच्याखाली वाफ होते आणि थेंब धुळीला घेऊन उडतो, तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो तसला प्रकार. पोरीनं प्रदर्शनात तव्याचा प्रयोग हेच दाखवायला ठेवला होता, सरांनी शाळेत गॅस नको म्हणून काढायला लावला.

पाईपचं राहिलं. ह्या मशीनचा प्लॅस्टिकचा घडीचा पाईप कोरड्या हवेत चालला की त्याला चार्ज येतो, एप्रिलमध्ये मला दोनदा चटका बसलाय, आणि बाहेरनं पाईपला धूळ अशी चिकटते की झटकून जात नाही. बोर्ड उघडा असताना त्याच्या जवळ हा पाईप अजिबात नेऊ नका, मोबाईलवाल्यांनो, एक आयसी गेली माझी, मशीनची किंमत वर आली. चंद्राच्या धुळीचं दुखणं हेच आहे, सूर्याच्या किरणांनी आणि सूर्यावरनं येणाऱ्या कणांनी तिला चार्ज येतो, कोरडी ठक्क, म्हणून ती ब्रशनं निघत नाही, उलट कापडात घुसते. पण त्याच चार्जचा उलटा उपयोग करायची युक्ती नासाच्या केनेडी सेंटरनं काढलीय, काचेत किंवा पत्र्यात बारीक तारा, त्यात आलटून पालटून व्होल्टेज, की धूळ लाटेसारखी सरकत सरकत कडेनं खाली. मार्च २०२५ मध्ये ब्लू घोस्ट नावाचं यान चंद्रावर उतरलं त्याच्यावर हे खरंच चालवून दाखवलं, आधीचा फोटो धुळकट, नंतरचा स्वच्छ. हे मोबाईलच्या स्क्रीनमध्ये आलं तर माझा टेम्पर्डचा धंदा बसेल, पण येऊ दे.

ब्लोअरबद्दल चार ओळी, कारण लोक ब्लोअरसाठीच हे मशीन घेतात. फुंकर छान मारतो, कुलरची जाळी, शटरचं रूळ, बाईकचं फिल्टर, एकदम झकास. पण बंद खोलीत वापरू नका, धूळ जात नाही, जागा बदलते. मंगळावर नासाच्या इनसाइट यानाच्या सोलर पॅनेलवर धूळ साठली तेव्हा ब्लोअर नव्हता, तर त्या लोकांनी यानाच्या हातानं पॅनेलच्या बाजूला थोडी जाड वाळू सोडली, वाऱ्यानं ती वाळू पॅनेलवरनं घरंगळत गेली आणि जाताना बारीक धूळ घेऊन गेली, थोडी वीज वाढली पण. २०२१ ची गोष्ट. आज्जी राखेनं भांडी घासायची तोच हिशोब, जाड कणानं बारीक काढायचा. शेवटी डिसेंबर २०२२ ला ते यान धुळीनंच गेलं. त्याच्या आधीची ऑपॉर्च्युनिटी गाडी २०१८ च्या वादळात, सगळ्या मंगळावर धूळ, सूर्य दिसेना, १० जूनला शेवटचा सिग्नल. आणि मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचं मीठ सापडलंय, २००८ ला फिनिक्स यानाला, ते थायरॉइडला वाईट, त्यामुळं तिथं गोणपाट दोन टाकावे लागतील.

बाकी मशीन. वायर पाच मीटर, कमी आहे, वरच्या मजल्याला एक्स्टेन्शन लागतंच. चाकं पुढची दोन चांगली, मागचं एक फरशीच्या सांध्यात अडकतं. आवाज मिक्सरपेक्षा जास्त, दुपारी चालू केला की आईची झोप मोडते आणि मग माझी पण मोडते. ओलं ओढायला एक नंबर, जूनमध्ये गॅलरीत पाणी येतं तेव्हा अजून कळेल, पण टाकी धुताना गाळ ओढला, तक्रार नाही. मात्र ओलं ओढायच्या आधी फिल्टर काढा, मी विसरलो होतो, हेपाचं पापड झालं, १,४०० परत.

सहा महिन्यांत माझी पद्धत आता अशी झालीय की ड्रमच्या तळाला तांब्याभर पाणी ठेवतो, कच पाण्यात बसते, फिल्टरपर्यंत कमी पोचते. हे मॅन्युअलमध्ये नाही, गवंडी मामांनी सांगितलं. ड्रम उघडला की दर वेळी रबर ओल्या फडक्यानं पुसायचं, मगच क्लिपा. मशीन दारात ठेवून फक्त पाईप आत न्यायचा, म्हणजे मागनं जे काय निसटेल ते रस्त्याच्या दिशेला. सूट-पोर्टवरनंच सुचलं, पण बायकोला सांगितलं माझं डोकं.

स्टार पाचपैकी तीन. ओढण्याला पूर्ण मार्क, पिशवीला आणि रबराला नापास, सर्व्हिसला काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा. साधं गावातलं घर असेल, पाला, केस, भुसा, तर डोळे झाकून घ्या. हायवेला किंवा क्रशरच्या वाटेवर असाल तर ७,८०० नाही, हेपा धरून ९,२०० धरा आणि रबराची एक जास्तीची रिंग त्याच दिवशी मागून घ्या, मला नंतर कुरिअरसकट २६० ला पडली आणि यायला अठरा दिवस लागले.

पोरीचा उत्तेजनार्थ नंबर आला. तिची कचेची बाटली अजून माझ्या काउंटरवर आहे. साताऱ्यातलं कुणी दुसऱ्या कंपनीचं मशीन वापरत असेल आणि चेक करायचं असेल तर घेऊन या, एक चमचा कच फरशीवर टाकतो, तुम्ही ओढा, मग लाईट घालवून मशीनच्या मागं टॉर्च मारून बघू. फक्त दुपारी दोन ते चार नको, आई झोपलेली असते.